डिस्प्लेसिया आणि खडूचा डबा

माझ्या डाव्या गालात आतून माझ्याच मांडीची कातडी लावलेली आहे. तोंड उघडून आरशात पाहिलं की तो तुकडा बाकीच्या गालापेक्षा फिका दिसतो. तोंड दोन बोटांपेक्षा थोडं जास्त उघडतं, भाकरी कुस्करून खावी लागते, आणि 'र' म्हणताना जीभ जरा चाचपडते. एवढ्यावर भागलं.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही मास्तर माणूस. लिहून काढा, दुसऱ्या पेशंटला धीर येईल." धीर येईल की नाही मला ठाऊक नाही. लिहिताना मला तरी लाजच वाटतेय. पण बायकोची अट आहे की लिहायचं, आणि गुळमुळीत लिहायचं नाही. तेव्हा लिहितो.

पांढरी बोटं

मी जिल्हा परिषदेच्या शाळेचा मुख्याध्यापक. शाळा हरसूलच्या पुढे डोंगरात, घर नाशिकला म्हसरूळला. सकाळी रामभाऊच्या जीपने जायचं, संध्याकाळी त्याच्याच जीपने यायचं. आमची शाळा तंबाखूमुक्त शाळा आहे. गेटवरचा बोर्ड मी स्वतः रंगवलाय, तंबाखूच्या पुडीवर लाल फुली मारलेला. दरवर्षी मुलांना रांगेत उभं करून, उजवा हात पुढे करायला लावून, तंबाखूला आयुष्यात हात लावणार नाही अशी शपथ मी देतो. तालुक्याच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि शपथ देताना माझ्या डाव्या गालात चिमूट असायची.

तुम्हाला वाटेल, लपायचं कसं? सांगतो. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी माझ्या कपाटात खडूच्या डब्यात असायची. वर खडू, खाली माल. चुना लावणाऱ्याचं बोट लपत नाही म्हणतात. मास्तरचं लपतं. आमच्या बोटांना पांढरं असतंच, शर्टावर असतं, कधीकधी मिशीवरही असतं. इतक्या वर्षांत एकाही साहेबाने माझ्या बोटांकडे बघून भुवई उचलली नाही. आणि घरी शिरायच्या आधी चूळ भरून लवंग चघळायचो.

ही सवय डी.एड.ला असताना लागली. लग्नाच्या वेळी मी खायचो हे कमलला, म्हणजे माझ्या बायकोला, माहीत होतं. आमची स्वाती जन्मली तेव्हा सोडली म्हणून मी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. सोडली होती बरं का. अकरा दिवस.

कमल सटाण्याकडची. तिच्या माहेरी आई, काकू, मावश्या, सगळ्या मिशरी लावायच्या, म्हणून हीसुद्धा लहानपणापासून लावायची. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची आणि तिच्या आईने दिलेल्या एका लहानशा पितळी डबीत भरून ठेवायची. भाजताना घरभर धूर व्हायचा, मी खोकायचो आणि वर तिला आरोग्यावर भाषण द्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

चार वर्षांपूर्वी शाळेत हळदीकुंकू ठेवलं होतं. गावातल्या बायकांना मिशरी सोडायला सांगायची होती. मी कमललाही घेऊन गेलो आणि तिला न विचारता, न सांगता, सगळ्या बायकांसमोर उभं केलं. म्हटलं, "मी माझ्या घरापासून सुरुवात करतो." तिच्या पिशवीतून ती पितळी डबी काढली आणि सगळी मिशरी खिचडीच्या चुलीत ओतली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. कमल खाली बघून उभी होती, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. रिकामी डबी मी टेबलावर ठेवली, फोटोत दिसावी म्हणून. पुढे ती ऑफिसात प्रशस्तिपत्राशेजारी ठेवून दिली.

 नंतर आठ दिवस तिचं डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, भांडी आदळायची. पण त्या बाईने पुन्हा मिशरीला हात लावला नाही.

त्या दिवशी जीपमध्ये बसायच्या आधी मी शाळेच्या मागे जाऊन चिमूट भरून आलो होतो.

उष्णता

गालात आतून साय चिकटल्यासारखा एक पांढरा डाग दिसायला लागला. बोटाने घासला तर निघेना. मग तिखट लागलं की आग व्हायची. मला कळलं नाही असं नाही. मी ज्या तक्त्यावरून मुलांना शिकवत होतो, त्याच्यावर हुबेहूब असल्या डागाचं चित्र होतं. पण घरी सांगितलं, "उष्णता झालीय."

कमलने लगेच पदर खोचला. शेजारच्यांच्या वेलावरून जाईची पानं आणायची आणि मला चावायला द्यायची. तुरटीच्या गुळण्या, सब्जा, गुलकंद. काही म्हणजे काही सोडलं नाही. आणि एक दिवस तिने घरातली मिरचीच बंद केली.

सटाण्याकडच्या माणसाचं मिरचीशिवाय पान हलत नाही. ही तर भाकरीबरोबर हिरवी मिरची काकडीसारखी खायची, ठेच्याचा खलबत्ता कधी कोरडा नसायचा. मी म्हटलं, "अगं, माझ्यापुरतं वेगळं कर. तू कशाला अळणी खातेस?"

ती म्हणाली, "तुमच्यापुढे बसून मी ठेचा खाऊ, आन् तुम्ही दूधभात गिळणार? घास उतरायचा नाही मला."

चौदा महिने तिने मिरची खाल्ली नाही. दुधी, दोडका, मुगाचं वरण. लग्नाकार्यातही स्वतःला साधं वाढून घ्यायची. नातेवाईक म्हणायचे, "सर, नशीब काढलंत."

त्या चौदा महिन्यांत मी काय केलं? चिमूट डाव्या गालातून काढून उजव्या गालात धरायला लागलो. तेवढाच माझा त्याग.

रांग मोडलेली पोरं

शेवटी पकडलं ते दाताच्या डॉक्टरने. दाढ दुखत होती म्हणून गेलो, तर त्याने दाढ राहिली बाजूला, गालच ताणून धरला. "हा डाग कधीपासून आहे?" त्याने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठी कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमच्या नावाची होती.

मॅडमकडे कमल बरोबर आली. मॅडमनी माझं तोंड पाहिलं आणि कागद पुढे ओढला. "तंबाखू, गुटखा, मिशरी, काही?"

"नाही," मी म्हटलं.

कमलला राहवलं नाही. "अहो मॅडम, हे तर शाळेत शपथ देतात! मलाच मिशरी सोडायला लावली यांनी."

मॅडमनी माझ्याकडे बघून कागदावर काहीतरी लिहिलं. खाई त्याला खवखवे. तो कागद उलटा होता तरी मी मान वाकडी करून वाचायचा प्रयत्न केला. गालाचा तुकडा तपासायला गेला आणि आठवड्याने रिपोर्ट आला.

त्या दिवशी स्वाती पुण्याहून आली होती, ती तिकडे बँकेत आहे. रिपोर्ट हातात पडल्यापासून ती मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, सिव्हिअर डिस्प्लेसिया. मी इंग्रजी शिकवतो, पण हा शब्द मी कधी वाचला नव्हता. कमल दोनदा मला म्हणाली, "तुम्हाला येतं ना इंग्रजी, सांगा ना काय ते." मी म्हटलं, डॉक्टरांची भाषा वेगळी असते.

आत गेल्यावर मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला. मला म्हणाल्या, "सर, तुमच्या शाळेत प्रार्थनेला मुलं कशी उभी असतात?"

"रांगेत."

"गालाच्या आतल्या पेशीही तशाच रांगेत असतात. लहान मोठ्या, आपापल्या जागी. तुमच्या गालात पोरांनी रांग मोडलीय. कुणी भलतंच वाढलंय, कुणी दुसऱ्याच्या जागेवर घुसलंय. वाढ चाललीय, पण शिस्तीत नाही. डिस्प्लेसिया म्हणजे एवढंच, बिघडलेली वाढ. आणि सिव्हिअर म्हणजे रांग जवळजवळ उरलेलीच नाही."

 कमल पुढे सरकली. "म्हणजे तो आजार आहे का नाही? तेवढं सांगा."

कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. तो आजार, एवढंच.

"पोरं कंपाऊंडच्या आत आहेत तोवर नाही," मॅडम म्हणाल्या. "भिंत ओलांडून बाहेर पडली की त्याला कॅन्सर म्हणायचं. तुकड्यात तरी भिंत शाबूत दिसतेय. पण तुकडा म्हणजे शाळेचा एक कोपरा. सगळा भाग काढून तपासला की खरं कळेल. थांबू नका, आतली पोरं कधीही उडी मारतात."

"पण रांग मोडली कशाने?" कमलने विचारलं.

"बहुतेक वेळा तंबाखूने," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. "क्वचित कारण सापडत नाही."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. कमल स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिच्या मनात काय चाललंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी माझ्याच मरणाच्या विचारात होतो. एकच वाक्य डोक्यात फिरत होतं, आपली शोकसभा शाळेत होईल आणि मागे तो बोर्ड असेल.

दुसऱ्या दिवशी मी एकटा मॅडमकडे गेलो आणि खरं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "दातांवरून कळतं सर. शिवाय बरेच पुरुष बायको बाहेर गेल्यावरच खरं बोलतात. सोडली का?"

"काल रात्री पुडी फेकली."

"परत उचलू नका. आणि मिसेसना?"

"तुम्ही सांगू नका मॅडम, पाया पडतो."

"मी नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. माझं काम तुमच्या तोंडापुरतं. त्यातून काय बाहेर काढायचं ते तुमचं तुम्ही बघा."

पाटी

ऑपरेशनच्या आधीच्या भीतीबद्दल फार लिहीत नाही, ज्याच्यावर वेळ येते त्याला ती कळतेच. एवढंच सांगतो की स्ट्रेचरवर झोपल्यावर छतावरचे दिवे मागे जायला लागतात, तेव्हा माणसाला देव आठवतो म्हणतात. मला खडूचा डबा आठवला. आपण गेलो आणि कुणी कपाट उघडलं तर?

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, गालात बोळे, मांडीला पट्टी आणि बोलायला बंदी. वॉर्डात दिवस ठरलेला असतो. पहाटे सिस्टर ताप बघायची, मग गादीवरची चादर, मग डॉक्टरांचा राउंड, मग दर दोन तासांनी नळीतून जेवण. एक सिस्टर फार मायेची होती. नळीला हात लावायच्या आधी दरवेळी सांगायची, "काका, आता दुखणारे, एक ते पाच मोजते." आणि चारलाच काम उरकायची. अशी छोटी माणुसकी त्या खाटेवर फार मोठी वाटते.

जेवण कमल द्यायची. मोठ्या सिरिंजमध्ये गाळलेलं वरण, दूध, फेटलेलं अंडं भरून नळीतून हळूहळू सोडायची. नळीतून जाणाऱ्याला चव कुठली? म्हणून ती सांगायची. "हे मुगाचं वरण हं. हिंग घातलाय. लसूणपण आहे थोडा." पोटात गरम उतरायचं आणि मी डोळे मिटून तिचं वरण आठवायचो. ज्या तोंडाने तिच्याशी वर्षानुवर्षं खोटं बोललो ते बंद होतं, आणि ती नाकावाटे मला जगवत होती.

बोलता येत नाही म्हणून तिने घरून स्वातीची लहानपणीची पाटी आणि पेन्सिल आणली होती. पंखा, लघवी, उशी, असलं लिहायचो मी तिच्यावर.

पाचव्या दिवशी दुपारी वॉर्ड शांत होता. सिरिंज धुऊन ती स्टुलावर येऊन बसली. बराच वेळ चादरीचा कोपरा सारखा करत राहिली. मग हळूच म्हणाली, "एक बोलू का? मॅडम म्हणाल्या ना, तंबाखूने होतं. घरात तंबाखू कुणाची होती? माझीच. इतकी वर्षं तव्यावर भाजली मी. तुम्ही खोकायचे, दार उघड म्हणायचे, तरी भाजली. तो धूर गेला तुमच्या तोंडात."

मी मान हलवली. तिला वाटलं मी समजूत घालतोय.

"नका हो मान हलवू. मला कळतं." आणि माहेरच्या बोलीवर गेली. फार वाईट वाटलं की ती अहिराणीत बोलते. "हाई मन्हंच पाप शे. मन्हंच."

ती रडायला लागली. पदर तोंडात कोंबून, आवाज होऊ नये म्हणून.

पाटी माझ्या पोटावर होती. पेन्सिल हातात होती. मला फक्त एक शब्द लिहायचा होता. 'मी' लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी पेन्सिल टेकवली. ती डोळे पुसून पाटीकडे वाकून बघायला लागली, काय लिहितात म्हणून.

मी लिहिलं, 'पाणी'.

ती उठली, सिरिंज घेतली आणि नळीतून पाणी दिलं. मला तहान नव्हती.

रामभाऊ

दोन दिवसांनी जीपवाला रामभाऊ भेटायला आला. सोबत नारळाचं पाणी आणलं होतं. इतकी वर्षं त्याच्या शेजारच्या सीटवर बसून मी प्रवास केला. घाट सुरू झाला की तो एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्याने पुडी पुढे करायचा, मी मळायचो, अर्धी त्याला, अर्धी मला. तंबाखू मागायला आमच्याकडे कुणी लाजत नाही, साहेब असो की गडी. मी फक्त दिसायला लाजायचो.

खाटेजवळ बसला आणि "लय वाईट झालं सर" म्हणता म्हणता त्याने सवयीने पुडी काढली आणि तळहातावर मळायला घेतली. मळून झाल्यावर तो हात माझ्यापुढे करणार, एवढ्यात त्याच्या लक्षात आलं आणि हात अर्ध्यात थांबला.

कमल कडाडली. "रामभाऊ! लाज नाही वाटत? ज्या माणसाने गावाला हे सोडवलं, त्याच्यासमोर मळता? त्यांचं तोंड बघा काय झालंय, आन् तुम्ही त्यांनाच हात पुढे करता?"

रामभाऊने माझ्याकडे बघितलं. त्याच्या एका वाक्यात माझं सगळं उघडं पडलं असतं. मी डोळे मिटून घेतले. गालात बोळे, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा.

"चुकलं वहिनी," तो म्हणाला. "मी आडाणी मानूस. ध्यानात नाय ऱ्हायलं." आणि पुडी घेऊन बाहेर गेला.

माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाचं पाप एका जीपवाल्याने मुकाट्याने स्वतःच्या डोक्यावर घेतलं. त्याला थँक्यू म्हणायचीही माझी लायकी नव्हती.

पायऱ्या

काढलेल्या भागाचा रिपोर्ट आला तेव्हा मी घरी आलो होतो, नळी निघाली होती. मॅडम हसून म्हणाल्या, "सर, सगळी पोरं कंपाऊंडच्या आतच सापडली. भिंत शाबूत आहे." मग बोट उगारून, "पण ही शाळा आता कायम तपासणीखाली. दर महिन्याला दाखवायचं, आणि तंबाखू आसपासही दिसता कामा नये." कमलने तिथेच हात जोडले.

घरी आल्यावर कळलं, तिने गडाला नवस बोलला होता. सप्तशृंगीच्या गडावर पाच मंगळवार, अनवाणी, सगळ्या पायऱ्या चढून. ट्रॉली नाही. तिचे गुडघे गेलेले आहेत, आमच्या घराचा एक जिना चढताना ती दोनदा बसते. मी म्हटलं, मी चढतो तुझ्याऐवजी. तर म्हणाली, "धूर माझा होता. फेडायचं मलाच."

पहिल्या मंगळवारी आम्ही गडावर गेलो. पहिल्या पायरीशी तिने चपला काढून माझ्या पिशवीत दिल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि कठड्याला धरून चढायला लागली. एक पाय वर, मग दुसरा त्याच पायरीवर, मग दम. ऊन झालं होतं, दगड तापायला लागले होते. तिसाव्या की पस्तिसाव्या पायरीवर तिने गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि तोंडातून 'आई गं' निघालं. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "काही नाही, चला."

तेव्हा मला ते सहन झालं नाही. एवढंच खरं कारण आहे. मी काही मोठा पश्चात्ताप वगैरे झालेला माणूस नाही.

"कमल, थांब. खाली बस."

ती बसली. माझं बोलणं तेव्हा बोबडं होतं, शब्द निसटायचे. पण 'तंबाखू' हा शब्द स्वच्छ आला. म्हटलं, "तुझ्या धुराने नाही झालं. मी खातो तंबाखू. खायचो. कधी सोडलीच नव्हती."

तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "शपथ देताना?"

"तेव्हापण."

"माझी डबी ओतली, त्या दिवशी?"

"त्या दिवशीपण."

बाजूने माणसं चढत होती, कुणी देवीच्या नावाचा गजर करत होतं. तिने आणखी एकच प्रश्न विचारला. "मी जाईचा पाला आणायचे, तेव्हा?"

मी मान हलवली. या वेळी तिला बरोबर कळलं.

"चपला द्या," ती म्हणाली. मी पिशवीतून काढून तिच्या पायाशी ठेवल्या. तिने घातल्या, कठड्याला धरून उभी राहिली. "जा. चढा तुम्ही."

"आणि तू?"

"माझं काय फेडायचं राहिलंय?" ती म्हणाली आणि एकेक पायरी खाली उतरायला लागली.

मी चप्पल काढून चढलो. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. ऑपरेशनची मांडी ओढत होती. वर गेल्यावर देवीच्या त्या मोठ्या डोळ्यांकडे मला बघवलं नाही, पायांकडे बघून परत फिरलो.

खाली आलो तर कमल भज्यांच्या टपरीवरच्या बाकावर बसली होती. समोर कागदात भजी होती, ती तशीच. ती तळलेल्या मिरच्या खात होती. देठाला धरून, एकामागून एक. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, चेहरा लालबुंद. चौदा महिने आणि वर ऑपरेशनचे दिवस, एवढ्यांनंतर तिने पहिल्यांदा मिरची तोंडात घातली होती.

मी समोर बसलो. तिने माझ्याकडे न बघता टपरीवाल्याला सांगितलं, "भाऊ, अजून चार मिरच्या द्या."

"तिखट आहेत फार," मी म्हटलं.

"गप बसा."

चारही संपवल्या. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मला चारचौघींत उभं केलंत तुम्ही. आता तुम्ही राहायचं उभं. तिथेच. त्याच बायकांसमोर. आन् त्या मॅडम लिहा म्हणतात ना, ते पण लिहायचं. माझ्या डबीसकट."

चुलीपाशी

शाळेत पालकसभा बोलावली. मुलं, त्यांच्या आया, खिचडी करणाऱ्या बाया, सगळे. कमल बायकांमध्ये पहिल्या रांगेत बसली. मी कपाटातून खडूचा डबा आणला, खडू टेबलावर ओतले आणि तळाशी राहिलेली चुन्याची डबी सगळ्यांना दाखवली. काय काय केलं ते सांगितलं. 'र' तर कुठेच लागत नव्हता. वाटलं होतं, लोक आ वासून बघतील.

एक म्हातारी मागून म्हणाली, "आमाला ठावं व्हतं सर. जवळ आलं का वास यायचा. पन आपल्या सरांचं कोन सांगतं?"

बायका हसल्या. पदर लावून, अगदी त्या दिवसासारख्या. म्हणजे त्या दिवशीही गावाला सगळं माहीत होतं, आणि चुलीसमोर उभी राहिलेली एकटी कमलच काय ती अजाण होती. मी तिच्याकडे बघितलं. ती हसत नव्हती.

चुन्याची डबी मी चुलीत टाकली. मग ऑफिसातून तिची पितळी डबी आणून तिच्या हातात दिली. तिने ती पदराने पुसली आणि पिशवीत टाकली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, ते बरं झालं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या गालात न निघणारा पांढरा डाग असेल, तर उष्णता म्हणू नका, उद्याच दाखवा. शब्द मोठा असला तरी अर्थ विचारून घ्या, पोरं आत आहेत तोवर डॉक्टर वाचवू शकतात. आणि तंबाखू विचारली तर बायको शेजारी असतानाच खरं सांगा. माझी पोरं भिंतीच्या आत राहिली, त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

घरी मी रोज सकाळी आइस्क्रीमच्या काड्या दातांत एकावर एक ठेवून तोंड उघडायचा व्यायाम करतो. आता मोठ्या कष्टाने अठरा बसतात. कमल माझ्याशी बोलते, औषधं काढून देते, पण पूर्वीसारखी समोर बसून घास मोजत नाही. खलबत्ता पुन्हा वाजायला लागलाय. आमच्याकडे आता दोन भाज्या होतात, एक तिखट, एक माझी. आधी तिची होते.